आकड्याचा धंदा आणि साक्षीची किंमत

वाचकहो, ‘आकडा लावणे’ म्हणजे काय, हे आपणांस समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातून येणाऱ्या उघडत्या व बंद भावांवर मुंबईत पैजा लागत. पुढे मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. खुद्द न्यूयॉर्कमध्येही गोरगरीब तीन अंकी आकड्यावर आपली चिल्लर लावीत. घोड्यांच्या शर्यतींच्या उलाढालीवरून तो आकडा ठरे. या धंद्यावर अब्राहम पोलोन्स्की यांनी १९४८ साली ‘फोर्स ऑफ ईव्हिल’ हा चित्रपट केला. त्याला आधार होता आयरा वुल्फर्ट यांच्या ‘टकर्स पीपल’ या कादंबरीचा.

त्यातील कारस्थान नीट पाहावे. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १७७६ सालाच्या आठवणीने लोक त्या दिवशी हमखास ७७६ लावतात. टोळीप्रमुख टकर नेमका तोच आकडा काढायचे ठरवतो. त्याला लोकांना हरवायचे नाही, जिंकवायचे आहे! सर्वांचे देणे एकदम अंगावर आले, की लहान पेढ्या बुडतील आणि आयत्याच त्याच्या हाती पडतील. या बेताला कायद्याचा मुलामा देणारा वकील ज्यो मोर्स; आणि बुडणाऱ्या पेढ्यांपैकी एक त्याच्याच थोरल्या भावाची, लिओची. ज्यो वकील झाला तो लिओच्या कष्टांवर. त्याला वाचवण्याच्या नादात ज्यो त्याला टोळीत ओढतो, आणि लिओ जिवाला मुकतो. अखेरीस पुलाखाली, नदीकाठी, ज्यो भावाचे प्रेत शोधत उतरतो आणि सरकारपुढे सारे सांगायचे ठरवतो.

इतिहासाने मात्र हा प्रसंग उलटा करून दाखवला. १९५१ साली अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीने साम्यवादी सहकाऱ्यांची नावे मागितली. पोलोन्स्की यांनी आणि ज्योची भूमिका करणाऱ्या जॉन गारफील्ड यांनी कोणाचेही नाव घेतले नाही. दोघेही काळ्या यादीत गेले. गारफील्ड १९५२ मध्ये, अवघ्या ३९व्या वर्षी वारले. पोलोन्स्की यांना पुढचा चित्रपट दिग्दर्शित करायला १९६९ साल उजाडले.

पडद्यावरचा नायक बोलून सुटला, निर्माते गप्प राहून टिकले. यात विसंगती वाटेल. पण मला ती वाटत नाही. ज्योने सांगितले ते स्वतःचे पाप. समितीला हवी होती ती इतरांची नावे. साक्ष कोणाविरुद्ध आणि तिची किंमत कोण मोजणार, एवढे विचारले की दोन्ही निर्णय एकाच सचोटीचे ठरतात.