भेटीवर जकात : कौटिल्यापासून कुरिअरपर्यंत



तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं जकातीवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण बघा, वाशिम, कारंजा, रिसोड, कुठेही जा; ज्या घरातलं कुणी परदेशात आहे, त्या घरात हा विषय एकदा तरी निघालेला असतो. लेकीनं तिकडून पार्सल पाठवलेलं असतं. दारात कुरिअरवाला येतो आणि म्हणतो, 'काका, एवढे पैसे भरा.' भेट तिची आणि पैसे आपले, हे कसं? या 'हे कसं'मध्ये दोन प्रश्न दडलेले आहेत. भेटीची वस्तू म्हणजे माल आहे का, हा एक. आणि पैसे घेणाऱ्यावर काही जबाबदारी येते का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न फार जुने आहेत.

कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरला शामशास्त्रींच्या हाती आली 1905 साली, आणि 1909 मध्ये त्यांनी ती छापली. तिच्या दुसऱ्या अधिकरणात शुल्काध्यक्षाचं प्रकरण आहे. शुल्काध्यक्ष म्हणजे जकातीचा मुख्य अधिकारी. बाहेरून येणाऱ्या मालावर सामान्य दर किमतीच्या एक पंचमांश. शिवाय वेशीवर द्वारादेय, ते शुल्काच्या एक पंचमांश. म्हणजे 100 पणांच्या मालावर 20 पण शुल्क आणि 4 पण वेशीचे. हिशेब कुणालाही तोंडी करता यावा असा.

आता गंमत पुढे आहे. लग्नासाठीच्या वस्तू, नवरीनं सासरी नेलेलं सामान, भेट म्हणून न्यायच्या वस्तू, यज्ञ, बाळंतपण, मुंज यांसाठीचं साहित्य, या सगळ्याला शुल्क नाही. का नाही? या वस्तू विकायला निघालेल्या नाहीत म्हणून, असा माझा अर्थ आहे. पण कौटिल्य भोळा नव्हता. खोटं सांगून कुणी माल सोडवला, तर त्याला चोरीची शिक्षा. म्हणजे माफीही आहे आणि तिच्यावर पहाराही आहे.

दुसऱ्या प्रश्नालाही तिथेच उत्तर आहे. सीमेवरचा अंतपाल व्यापाऱ्यांच्या मालावर 'वर्तनी' घेई, म्हणजे रस्त्याचा कर, मालगाडीमागे सव्वा पण. आणि वाटेत माल हरवला, चोरीला गेला, तर तो भरून द्यायचा त्यानंच. पैसे घेतलेस ना, मग जबाबदारी तुझी.

हे नुसतं ग्रंथातलं नाही. आपलं वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा इथे सापडलेला ताम्रपट चौथ्या शतकातला आहे. ब्राह्मणांना एक गाव दान दिलं, आणि त्या गावाला कशाकशातून सूट आहे त्याची यादी त्यावर कोरली. मीठ खणण्याबाबत सूट, फुलं आणि दूध देण्यातून सूट, शिपायांनी गावात शिरायचं नाही. हा काही जकातीचा कागद नव्हे, हे खरं. पण यादीचा भाग संस्कृतात नाही, प्राकृतात आहे, इकडे लक्ष द्या. माफी अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडली नाही. लिहून दिली, आणि लोकांच्या बोलीजवळच्या भाषेत दिली.

आता आजच्याकडे येऊ. नगरपरिषदांच्या हद्दीतले जकात नाके 1999 साली गेले, त्यामुळे नव्या पिढीला नाका माहीत नाही. तिचा नाका म्हणजे विमानतळ नाहीतर मुंबईचं विदेश डाकघर. तिथे 1962 चा सीमाशुल्क कायदा चालतो. वस्तूच्या किमतीत वाहतूक आणि विमा मिळवायचा. त्या बेरजेवर सीमाशुल्क, त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार, आणि मग सगळ्यांच्या बेरजेवर एकात्मिक जीएसटी. म्हणजे पाठवण्याच्या खर्चावरही कर आणि करावरही कर. कुरिअर कंपनी हे पैसे आधी स्वतः भरते आणि त्या कामाचा वेगळा आकार लावते. सरकारी शुल्क किती आणि कंपनीचा आकार किती, हे दारात उभ्या माणसाला कळत नाही.

भेटीचं काय झालं? पूर्वी ठरावीक रकमेपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती. परदेशी, विशेषतः चिनी संकेतस्थळांचा विकलेला माल 'भेट' म्हणून येऊ लागला, आणि डिसेंबर 2019 मध्ये ती वाट बंद झाली. आता पूर्ण शुल्क भरलं तरच भेट आत येते. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. राखी म्हणजे फक्त राखी, तिच्यासोबतची भेटवस्तू नाही. कौटिल्यानं खोटं बोलणाऱ्याला पकडलं. आपण भेट देणाऱ्या सगळ्यांनाच रांगेत उभं केलं. लाखो पार्सलं एकेक करून तपासणं अवघड, ही सरकारची अडचणही खरी आहे. पण राखी सोडली, याचा अर्थ वस्तू आणि नातं यांतला फरक सरकारलाही कळतो.

हा फरक 2021 मध्ये जिवावर आला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्लीतल्या 85 वर्षांच्या एका गृहस्थांना अमेरिकेतल्या पुतण्यानं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भेट पाठवला. हेच यंत्र सरकारमान्य संस्थेमार्फत फुकट वाटपासाठी आलं, तर जीएसटी शून्य. पुतण्यानं काकाला पाठवलं, तर 12 टक्के. दिल्ली उच्च न्यायालयानं 21 मे रोजी हा कर घटनाबाह्य ठरवला. 1 जून रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. कायद्याचं काय व्हायचं ते होवो, प्रश्न मात्र नीट विचारला गेला: देणाऱ्याचं नातं जवळचं, म्हणून कर जास्त का?

कर नसावा असं मी म्हणत नाही. हिशेब उघड असावा, एवढंच म्हणतो. हिशेब धूसर असतो तिथे ठग शिरतात. 'तुमचं पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या खात्यात पैसे टाका,' असे फोन येतात, आणि माणसं पैसे टाकतात. का? खरी मागणीही तितकीच न कळणारी असते म्हणून. लक्षात ठेवा, सीमाशुल्क विभाग कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाच्या पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, तो केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. आणि कुरिअरवाल्याला शुल्काची पावती आणि कंपनीच्या आकाराचं बिल वेगवेगळं मागा. तो तुमचा हक्क आहे.

कर द्यायला माणूस एवढा कुरकुरत नाही. कशाचा ते न सांगता घेतला, की मग त्याला अपमान वाटतो. वत्सगुल्मच्या राजानं तांब्यावर कोरून दिलं होतं. आपल्याला एक स्वच्छ कागद मिळाला तरी पुरे.