कुळे : लोहमार्गाने घडविलेले गाव

गोव्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले कुळे हे धारबांदोडा तालुक्यातील गाव. दक्षिण पश्चिम रेल्वेच्या वास्को ते लोंढा या मार्गावर घाट चढण्यापूर्वीचे हे गोव्यातील शेवटचे मोठे स्थानक होय. पोर्तुगीज कागदपत्रांत त्याचे नाव ‘कोलें’ असे येते. दूधसागर धबधब्याचे प्रवेशद्वार म्हणून आज ते ओळखले जात असले, तरी गावाची घडण झाली ती लोहमार्गामुळे.

करार आणि बांधणी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुरगावचे नैसर्गिक बंदर दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील कापूस-धान्याच्या प्रदेशाशी जोडण्याची कल्पना पुढे आली. २६ डिसेंबर १८७८ रोजी ब्रिटन व पोर्तुगाल यांच्यात झालेल्या कराराने तिला आधार मिळाला. या करारान्वये ब्रिटिश हिंदुस्थान व पोर्तुगीज प्रदेश यांच्यातील जकातीची भिंत दूर झाली. त्याच्या मोबदल्यात गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर मात्र ब्रिटिशांचे नियंत्रण आले. मिठागरांवर जगणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांना याची मोठी झळ बसली. हा करार १८९२ मध्ये संपुष्टात आला. लोहमार्ग मात्र कायम राहिला.

बांधणीसाठी लंडनमध्ये ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ ही कंपनी उभी राहिली आणि तिच्या भांडवलावरील व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारने घेतली. मुरगाव ते सावर्डे हा मीटरगेज टप्पा १७ जानेवारी १८८७ रोजी वाहतुकीस खुला झाला. पुढील वर्षी, ३ फेब्रुवारी १८८८ रोजी, मार्ग घाटातून सरहद्दीपर्यंत पोहोचला आणि कॅसलरॉक येथे ब्रिटिश हद्दीतील रेल्वेला जोडला गेला. मुरगाव ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे ८२ किलोमीटर आहे. अपेक्षेइतका माल न आल्याने हमीचा बोजा पोर्तुगीज तिजोरीला दीर्घकाळ वाहावा लागला, आणि १९०२ पासून मार्गाचे संचालन सदर्न मराठा रेल्वेकडे गेले.

घाटाखालचे ठाणे

कुळ्याचे महत्त्व भूगोलाने ठरविले. येथून कॅसलरॉकपर्यंतच्या सुमारे २६ किलोमीटरांत गाडीला पाचशे मीटरांच्या आसपास उंची गाठावी लागते. ब्रागांझा घाट म्हणून प्रसिद्ध असलेल्या या टप्प्यात चढ सदतीसास एक इतका तीव्र आहे. साहजिकच, वर जाणाऱ्या गाडीला मदतनीस इंजिने लावण्याचे काम कुळ्यात होते, तर खाली येणाऱ्या गाडीला वेग आवरण्यासाठी तीच इंजिने कॅसलरॉकला जोडली जातात. या कामासाठी चालक, फिटर, गँगमन, पॉइंट्समन अशी कायम वस्ती आवश्यक ठरली. रेल्वेच्या वसाहती आणि त्यांच्यावर अवलंबून असलेला बाजार यांतून जंगलाच्या कडेला हे गाव आकारास आले.

कुळ्याची दुसरी ओळख सरहद्दीची. करार संपल्यावर जकात पुन्हा आली. ब्रिटिशांची तपासणी कॅसलरॉकला, तर पोर्तुगिजांची कुळ्याला होत असे. मुंबई-पुण्याकडे नोकरीसाठी निघालेल्या गोमंतकीयांच्या पिढ्यांनी या फलाटावर आपल्या पेट्या उघडून दाखविल्या आहेत.

मुक्तिलढ्याच्या काळात १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि घाटातील रेल्वे वाहतूक थांबली. ज्या गावाचा चरितार्थच गाड्यांच्या ये-जा करण्यावर होता, ते सहा वर्षांहून अधिक काळ लोहमार्गाच्या आंधळ्या टोकाशी उभे राहिले. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मार्ग भारतीय रेल्वेत विलीन झाला. १९९० च्या दशकात मीटरगेजच्या जागी ब्रॉडगेज आले.

लोकवस्ती

कुळ्याची लोकवस्ती दोन थरांची आहे. पहिला थर मूळच्या शेतकरी, वनाश्रित व गुरे राखणाऱ्या समाजांचा. परिसरातील गवळी-धनगरांचे वाडे त्यातलेच. दुसरा थर रेल्वेबरोबर व पुढे खाणींबरोबर आलेल्यांचा. रेल्वेचे संचालन शेजारच्या प्रदेशातील कंपन्यांकडे असल्याने कन्नड व तेलुगू भाषक कर्मचारी येथे येऊन स्थिरावले. कोकणी, मराठी, कन्नड व हिंदी या भाषा बाजारात एकाच वेळी कानी पडतात, त्या यामुळेच.

लोकसंख्येचे आकडे विचार करायला लावणारे आहेत. २०११ च्या जनगणनेत कुळे सांगे तालुक्यात मोजले गेले. धारबांदोडा हा राज्याचा बारावा तालुका त्याच वर्षी अस्तित्वात आला. सांगे तालुक्याची लोकसंख्या २००१ मध्ये ६४,०८० होती, ती २०११ मध्ये ६५,१४७ झाली. म्हणजे दहा वर्षांत अवघी १,०६७ ने वाढली. त्याच अवधीत लोहमार्गाच्या दुसऱ्या टोकाच्या मुरगाव तालुक्यात ९,६१२ माणसे वाढली. राज्याची वाढ ८.२३ टक्के असताना सांग्याची दोन टक्केही नव्हती. विस्तीर्ण संरक्षित वन, उद्योगांचा अभाव आणि शिक्षण-नोकरीसाठी किनारपट्टीकडे होणारे स्थलांतर ही त्यामागील कारणे उघड आहेत. एकच मार्ग दोन्ही टोकांना सारखे फळ देत नाही, हे या आकड्यांवरून दिसते.

आजचे कुळे

२०१२ मध्ये राज्यातील खाणी बंद पडल्यावर परिसरातील ट्रकमालक व कामगार अडचणीत आले. अशा वेळी दूधसागरच्या जीप सफरींनी अनेक घरांना हात दिला. मात्र हा व्यवसाय हंगामी आहे. पावसाळ्यात, म्हणजे धबधबा भरात असताना, जंगलातील ओढे-नद्या ओलांडणे धोक्याचे असल्याने सफरी बंद राहतात. रुळांवरून चालत जाण्यासही रेल्वेची मनाई आहे.

मधल्या काळात मार्गाच्या दुपदरीकरणाचा प्रश्न उभा राहिला. घाटाचा टप्पा भगवान महावीर अभयारण्य व मोले राष्ट्रीय उद्यानाच्या क्षेत्रातून जातो. दुसरा रूळ मुख्यत्वे कोळशासाठीच टाकला जात आहे, असा आक्षेप घेत २०२० मध्ये गोव्यात मोठे जनआंदोलन झाले. वाहतुकीची क्षमता वाढविणे आवश्यक असल्याची रेल्वेची भूमिका होती. ९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यास वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी रद्द केली.

लोहमार्ग, खाण आणि पर्यटन या तिन्हींचे निर्णय कुळ्याबाहेर झाले. त्यांचे भले-बुरे परिणाम मात्र कुळ्याने सोसले. मालगाड्या वाढल्या म्हणजे गावातला रोजगार वाढतोच असे नाही, आणि जंगल राखले म्हणजे तेथील माणसांची सोय आपोआप लागते असेही नाही. पुढील जनगणनेत कुळ्याचा आकडा वाढलेला दिसेल की घटलेला, हे गावातील तरुणांना गावातच बारमाही काम मिळते की नाही, यावर अवलंबून राहील.