नवापूरच्या कोंबड्या मेल्या, मग बदके कशी वाचतात?

नरडाण्याहून सुरतेच्या गाडीत बसलात की नंदुरबारनंतर नवापूर लागते. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक इथल्याच पोल्ट्री फार्ममध्ये नोंदला गेला. भोपाळच्या प्रयोगशाळेत एच५एन१ विषाणू सापडला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या.

हाच विषाणू बदकाला झाला तर ते अनेकदा मरत नाही. असे का?

फ्लूचा विषाणू श्वासमार्गातल्या पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढतो. बदकाच्या पेशीत ‘रिग-आय’ नावाचे प्रथिन पहाऱ्यावर असते. ते विषाणूचा आरएनए ओळखते; मग इंटरफेरॉन तयार होऊन शेजारच्या पेशी सावध होतात. कोंबडीत या प्रथिनाचे जनुकच नाही! २०१० मध्ये संशोधकांनी बदकाचे हे जनुक कोंबडीच्या पेशींमध्ये घातले, तेव्हा विषाणूची वाढ कमी झाली. एमडीए५ हा दुसरा पहारेकरी कोंबडीकडे आहे, पण एच५एन१पुढे तो अपुरा पडतो.

त्यात आणखी एक भर. साधा बर्ड फ्लू पसरायला श्वासमार्गातले किंवा आतड्यातले ठरावीक एन्झाइम लागतात. एच५एन१चे काम मात्र शरीरात कुठेही असणाऱ्या एन्झाइमवर भागते. म्हणून तो फुप्फुसात थांबत नाही. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तो शिरतो, आणि जंतू गिळायला आलेल्या मॅक्रोफेज पेशींमध्येही वाढतो. कोंबडी एक-दोन दिवसांतच दगावू शकते.

बदक मात्र धडधाकट दिसत विष्ठेतून विषाणू सोडत राहते. म्हणूनच कोंबड्या आणि बदके एकाच खुराड्यात ठेवू नका, असे पशुवैद्यक सांगतात.