दोन याद्या

रातपाळीला जाताना वाटेत सेटलमेंट लागतं. इंग्रजानं माणसांच्या दोन याद्या केल्या, त्यातली एक इथं राहायची.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ पासून आपल्या इलाख्यातबी आला. पारधी, कैकाडी, मांग गारुडी : जन्मला की गुन्हेगार. बोटांचे ठसे, रोजची हजेरी. तारेच्या कुंपणात राहायचं, गिरणीत राबायचं, बाहेरगावी जायचं तर पास. काय चोरलंस, हे कुणी विचारलंच नाही.

दुसरी यादी मतदारांची. तिथं उलटं. शेतसारा किती, भाडं किती, इन्कमटॅक्स किती? म्हारामांगाकडं हे कुठलं? १९१९ साली साउथबरो कमिटीपुढं बाबासाहेबांनी ही अट अस्पृश्यांसाठी खाली आणा म्हणून सांगितलं. १९२८ ला सायमनपुढं सरळ प्रौढ मतदान मागितलं.

बंदुकीचंही तसंच. १८७८ चा कायदा : हिंदी माणसाला लायसन, गोऱ्याला सूट. तिकडं अमेरिकेत काळ्यांना मतासाठी लिहिण्यावाचण्याची परीक्षा, १९६५ पर्यंत. ब्लॅक पँथर बंदुका घेऊन रस्त्यावर आले, तेव्हा १९६७ ला कॅलिफोर्नियानं कायदा बदलला. गोऱ्यांच्या बंदुका तोवर कुणाला खुपल्या नव्हत्या!

मुंबई राज्यानं १९४९ ला गुन्हेगारांची ती यादी रद्द केली. १९५२ ला सोलापुरानं फेडरेशनचे पां. ना. राजभोज लोकसभेत धाडले. त्याच निवडणुकीत मुंबईला बाबासाहेब पडले.

माझ्या शेजारच्या मागावर सेटलमेंटचा पोरगा आहे. परवा शिपायानं अडवलं. त्यानं मतदार कार्ड काढून दिलं. शिपायानं फोटो बघितलाच नाही, आडनाव वाचलं आणि म्हणाला, चल.