मराठीतील स्थान आणि गती

मराठी व्याकरणात एखादी वस्तू वा व्यक्ती कोठे आहे (स्थान) आणि ती कोठून, कोठून पुढे वा कोठे जाते (गती) हे विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांच्या साहाय्याने दाखवले जाते. पारंपरिक व्याकरणात स्थानाला अधिकरण आणि जेथून गती सुरू होते त्या बिंदूला अपादान म्हणतात. अधिकरणाचे प्रत्यय त, ई, आ (सप्तमी) आणि अपादानाचे प्रत्यय ऊन, हून (पंचमी) आहेत. या लेखातील उदाहरणे रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या परिसरातील आहेत.

स्थान आणि गंतव्य

मराठीत स्थान व गंतव्य यांसाठी पुष्कळदा एकच रूप वापरले जाते आणि अर्थाचा निर्णय क्रियापद करते.

* तो महाडला राहतो. (स्थान) / तो महाडला गेला. (गंतव्य)
* ती घरी आहे. / ती घरी आली.
* पहारेकरी रायगडावर होता. / पहारेकरी रायगडावर चढला.

'कडे' हे अव्यय गतीच्या क्रियापदाबरोबर दिशा दाखवते (बस पोलादपूरकडे वळली), तर 'असणे' या क्रियापदाबरोबर ताबा दाखवते (नकाशा माझ्याकडे आहे).

उगम आणि मार्ग

उगमासाठी मात्र वेगळी रूपे आहेत. 'हून' स्थळाला एक बिंदू मानतो (महाडहून निघाला), 'तून' आतून बाहेर येणे सुचवतो (तळ्यातून पाणी काढले) आणि 'वरून' पृष्ठभाग किंवा उंची सुचवतो (गडावरून उतरला). 'तून' व 'वरून' मार्गही दाखवतात: 'पोलादपूरहून आंबेनळी घाटातून महाबळेश्वरला जाता येते', 'गाडी सावित्रीच्या पुलावरून गेली'.

स्थलनामांची रूपे

'ला' व 'हून' हे प्रत्यय अनेक स्थलनामांच्या मूळ रूपालाच लागतात (महाडला, पोलादपूरहून). 'त' लागताना सामान्यरूप होते (महाडात, पोलादपुरात). 'पूर'मधील दीर्घ ऊकार सामान्यरूपात ऱ्हस्व होतो. 'पुणे'सारख्या नामाचे सर्वत्र सामान्यरूप होते: पुण्याला, पुण्यात, पुण्याहून.

नाम आणि धातुसाधित नाम यांच्यासोबत

'णे' प्रत्ययान्त धातुसाधित नाम मूळ क्रियापदाचा संबंध टिकवते. त्यामुळे 'गडावर राहणे' व 'गडावर जाणे' यांतील फरक स्पष्ट राहतो. साध्या नामापूर्वी 'महाडला' हे रूप सहसा येत नाही. तेथे 'तील', 'मधील', 'वरील' किंवा 'चा' लागलेली रूपे योजतात: महाडमधील मुक्काम, गडावरील समाधी, महाडपर्यंतचा प्रवास. 'महाडचा प्रवास' ही रचना संदिग्ध आहे. ती महाडला केलेल्या, महाडहून केलेल्या किंवा महाड परिसरातील प्रवासाला उद्देशून असू शकते. संदिग्धता टाळण्यासाठी कृदन्त घालतात: महाडला जाणारा रस्ता, महाडहून येणारी बस. काही ठिकाणी नामाचा अर्थच निर्णय करतो: 'शाळेतील शिक्षण' यात स्थान, तर 'शाळेतील प्रवेश' यात गंतव्य आहे.

इंग्रजीशी तुलना

इंग्रजीत हा भेद बहुधा शब्दयोगी अव्ययच दाखवते: स्थानासाठी 'इन', 'ऑन', 'अ‍ॅट', तर गतीसाठी 'टू', 'इंटू', 'ऑन्टू'. म्हणून 'महाडला राहणे' आणि 'महाडला जाणे' यांतील एकाच 'ला'साठी अनुक्रमे 'लिव्हिंग इन महाड' व 'गोइंग टू महाड' अशी भिन्न अव्यये लागतात. शिवाय नाम व क्रियापदापासून साधलेले 'इंग'युक्त रूप यांची रचना नेहमी सारखी नसते. 'अ व्हिजिट टू रायगड' यात 'टू' आवश्यक आहे. 'व्हिजिटिंग रायगड' यात ते येत नाही. 'एंट्री इंटू' व 'एंटरिंग' यांतही असाच फरक आहे. 'महाडला पोहोचणे' यावरून मराठी भाषक विद्यार्थी 'रीचिंग टू महाड' अशी रचना करतात. प्रमाण इंग्रजीत तेथे 'टू' चुकीचे ठरते.

हेही पहा

* विभक्ती
* शब्दयोगी अव्यय
* धातुसाधित