न बघता काढलेला फोटो

आज एका अशा फोटोग्राफरची गोष्ट, ज्याने स्वतःचा एकही फोटो पाहिलेला नाही.

एव्हगेन बाव्चार. जन्म १९४६, गाव स्लोव्हेनियातलं लोकावेत्स. लहानपणी एका डोळ्याला झाडाची फांदी लागली. काही महिन्यांनी सुरुंगाचं डिटोनेटर हातात फुटलं आणि दुसरा डोळाही जखमी झाला. पण नजर फ्यूज उडाल्यासारखी एकदम गेली नाही. उजेड हळूहळू कमी होत गेला आणि बारा वर्षांचा व्हायच्या आत पूर्ण अंधार. मला हे मधले महिनेच महत्त्वाचे वाटतात. रंग, चेहरे, घराची वाट, सगळं मनात ठेवायला तेवढाच वेळ मिळाला. बॅकअपच म्हणा ना! (इंजिनिअरची सवय, सॉरी.)

सोळाव्या वर्षी बहिणीचा झोर्की, म्हणजे रशियन बनावटीचा कॅमेरा हातात आला. पहिला फोटो कुणाचा? आवडणाऱ्या मुलीचा. पुढे तो पॅरिसला गेला, तत्त्वज्ञान शिकला, तिथेच संशोधक झाला. १९८८ साली पॅरिसच्या फोटोग्राफी महोत्सवाचा तो अधिकृत फोटोग्राफर होता.

फोटो काढतो कसा? कॅमेरा तोंडाच्या उंचीवर धरतो आणि बोलणाऱ्याच्या आवाजाकडे रोखतो. अंतर हाताने मोजतो. कधी अंधारात शटर बराच वेळ उघडं ठेवून छोट्या दिव्याने एकेक जागा उजळतो. नंतर मित्र त्याला फोटोचं वर्णन करून सांगतात.

खरं सांगतो, आधी मला हा स्टंट वाटला. वर्णन दुसऱ्याने करायचं, मग फोटो कुणाचा? मग फोटो बघितले. चौफेर काळोख, त्यात तेवढाच चेहरा उजळलेला आणि कधीकधी चेहऱ्यावर त्याचाच हात. आपण एका क्लिकमध्ये सगळं पकडतो. त्याचं जग असं तुकड्यातुकड्याने हाताला लागतं, आणि फोटोतही ते तसंच उतरतं.

बाव्चारबद्दल वाचूनच पार्थो भौमिक यांनी २००६ मध्ये मुंबईत, ताडदेवच्या व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळेतल्या मुलांबरोबर 'ब्लाइंड विथ कॅमेरा' सुरू केलं. म्हणजे हे फक्त पॅरिसचं कौतुक नाही.

माझ्या आजीला काचबिंदू आहे. घरातले फोटो मोबाईलवर आले की ती विचारते, "काय दिसतंय रे?" मी "छान आलाय" म्हणून मोकळा. परवा पहिल्यांदाच ताईच्या लग्नाचा एक फोटो नीट सांगायला बसलो. तिने मध्येच थांबवलं.

"दाराला मी केलेलं तोरण होतं, ते आलंय का?"

मी झूम केलं. कोपऱ्यात, अर्धं कापलेलं, पण आलं होतं.