गाविलगडाच्या वाटेवर, १८०३

अमरावतीत राजापेठच्या चौकातले हॉर्न एकाएकी गप्प होतात. साल १८०३, महिना डिसेंबरचा. पायाखाली काळी माती, आजूबाजूला बोरी, बाभळी, कडुनिंब. अमरावतीचा परकोट अजून बांधायचाय. उत्तरेला सातपुडा दिसतो; तुम्ही तिकडे निघता.

अचलपुरातून ७ तारखेला इंग्रजांचा कर्नल स्टीव्हन्सन फौज घेऊन निघतो. गाविलगडाच्या किल्ल्याला उत्तरेकडून भिडायचं, म्हणून तोफा डोंगरातून न्यायच्या. आधी वाट करायची, मग शिपायांनी तोफा हातांनी ओढायच्या. तुम्ही मागोमाग चढता, पण तुमचं लक्ष झाडांकडे.

पायथ्याचा पळस मागे पडतो, साग दाटतो. त्यात तिवस, धावडा, बांबू. धावड्याची पानं थंडीनं तांबूस झालीत. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पुढे उतार खडा होतो, मातीचा थर विरळ होतो आणि सलई लागते. तिच्या खोडाला हात लावा: पातळ पापुद्रे सुटतात, डिंक बोटांना चिकटतो, त्याचा धुपासारखा वास येतो. जिथं खडक उघडा पडलाय, तिथं सलई तग धरते. त्याच उंचीवर नाल्यात उतरलात, तर अर्जुन आणि जांभूळ हिरवेगार. उंची सारखीच, फरक ओलाव्याचा.

हजार मीटरच्या वर पठार लागतं. अमरावतीपेक्षा इथं हवा चार-पाच अंशांनी थंड, पाऊस जवळपास दुप्पट. आंबा, जांभूळ, हिरडा दाट होतात. फांद्यांवर आमरी रुजलेल्या दिसतात. १५ डिसेंबरला किल्ला पडतो. तोफांचा धूर विरतो, रान उभंच असतं.

आता वर्षं भराभर पुढे सरकू द्या. १८२३ साली इंग्रज अधिकारी कॅप्टन रॉबिन्सन याच पठारावरच्या चिखलदऱ्याला पोचतो. पुढे याच गारव्यात, सावलीखाली कॉफी रुजते. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू होतो आणि पहिल्या नऊ जंगलांत हे मेळघाटचं रान येतं.

या डोंगराचं पाणी उत्तरेला सिपना, खंडू तापीकडे नेतात. दक्षिणेला चंद्रभागा, शहानूर पूर्णेकडे. वरच्या मुळांनी माती धरली, तर पाऊस जमिनीत मुरतो आणि खालच्या नाल्यांना पुरतो. म्हणून नुसतं पठार किंवा नुसतं सागाचं रान राखून भागत नाही. सलईचा उघडा उतार आणि जांभळाचा ओला नालाही तितकाच जपायला हवा. पुढच्या वेळी परतवाड्याहून घाट चढाल, तेव्हा थेट चिखलदऱ्याचे पॉइंट गाठू नका. मध्ये थांबा, झाडं ओळखा.